विरजणातील हितकारी जीवाणू आणि त्यांची जंतुरोधक द्रव्ये

वैशाखात नंदुरबार, शहादा व तळोदा या तालुक्यांच्या सपाट भागात उष्णतामान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा दिवसांत सकाळी काढलेले दूध न तापविता ठेवले, तर सायंकाळपर्यंत ते नासते व त्यास दुर्गंधी सुटते. तेच दूध वेळीच तापवून, कोमट करून त्यास चमचाभर विरजण लावले, तर त्याचे दही होते. दुसऱ्या दिवशी त्याचे ताक घुसळता येते आणि घरातील माणसे ते आवडीने पितात. दोन्ही भांड्यांत जीवाणूंचीच वाढ झालेली असते. मग एक भांडे ओतून द्यावे लागते व दुसरे अन्न म्हणून उपयोगी पडते, हे कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शेतकऱ्यास व ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास माहीत असणे अगत्याचे आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगराळ पाड्यांवर, जेथे घरात शीतकपाट नाही आणि दूध संकलन केंद्र दूर आहे, तेथे तर दूध टिकविण्याचे विरजण हेच सर्वांत स्वस्त साधन होय.

एखादा बेत फसला की त्यावर विरजण पडले, असे आपण म्हणतो. दुधाच्या बाबतीत मात्र विरजण पडणे ही नुकसानीची गोष्ट नव्हे. उलट नुकसान टाळण्याचा तो उपाय आहे.

दही लागते म्हणजे काय होते?

दुधात पाणी, स्निग्धांश, प्रथिने, क्षार यांखेरीज दुग्धशर्करा नावाची साखर सुमारे पावणेपाच टक्के असते. विरजणातील जीवाणू या साखरेवर जगतात व तिचे दुग्धाम्लात, म्हणजेच लॅक्टिक आम्लात, रूपांतर करतात. म्हणून त्यांना दुग्धाम्ल जीवाणू असे नाव आहे. लॅक्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस व स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे त्यांतील प्रमुख होत. आंबण्याची क्रिया सजीवांमुळे घडते, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ साली दुग्धाम्लाच्या अभ्यासावरून दाखवून दिले.

शेतकऱ्यांना जमिनीचा सामू ठाऊक आहेच. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ असतो, म्हणजे ते जवळजवळ उदासीन असते. जीवाणूंची संख्या वाढू लागली की आम्ल वाढते व सामू उतरू लागतो. तो ४.६ च्या आसपास आला की दुधातील केसीन हे प्रथिन गोठते. यालाच आपण दही लागले असे म्हणतो. या वेळेपर्यंत एक ग्रॅम दह्यात या जीवाणूंची संख्या कोट्यवधींवर गेलेली असते.

जंतुरोधक द्रव्ये चार प्रकारची

दुग्धाम्ल जीवाणू एकदा दुधात स्थिर झाले की ते इतर जंतूंना तेथे सहजासहजी वाढू देत नाहीत. शेतात दाट उगवलेले पीक तणास जागा देत नाही, तसाच हा प्रकार आहे. परंतु जागा व अन्न अडविणे एवढ्यावरच ते थांबत नाहीत. ते स्वतः काही द्रव्ये तयार करून दुधात सोडतात. या द्रव्यांचे मुख्यतः चार प्रकार सांगता येतील.

पहिले द्रव्य दुग्धाम्ल. त्याचा अखंड रेणू दुसऱ्या जंतूच्या पेशीत शिरतो व आत गेल्यावर फुटून पेशीचा अंतर्भाग आंबट करतो. तो आंबटपणा बाहेर टाकण्यातच त्या जंतूची शक्ती खर्च होते व त्याची वाढ खुंटते. दही टिकते ते प्रामुख्याने या आम्लामुळे, हे विसरता कामा नये.

दुसरे द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइड. काही जीवाणू हवेच्या संपर्कात ते अत्यल्प प्रमाणात तयार करतात. कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज नावाचे विकर निसर्गतःच असते. पेरॉक्साइड व दुधातील थायोसायनेट हा घटक यांच्या साहाय्याने ते जंतूंची वाढ रोखणारी द्रव्ये निर्माण करते. दूध चांगले उकळले की हे विकर मात्र निकामी होते.

तिसरे द्रव्य डायॲसिटिल. ताज्या लोण्याला जो मधुर वास येतो, तो बहुतांशी याच द्रव्याचा. काही अपायकारक जंतूंना त्यामुळे अटकाव होतो. परंतु दह्यातील त्याचे प्रमाण अल्प असल्याने त्याचे कार्य साहाय्यकाचे आहे.

चौथा प्रकार बॅक्टेरिओसिनांचा. ही लहान आकाराची प्रथिने असून ती बहुधा जवळच्या जातींच्या जीवाणूंवर परिणाम करतात. त्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यास झालेले व सर्वांत उपयोगी ठरलेले द्रव्य म्हणजे नायसिन.

नायसिनची हकीकत

१९२८ साली अमेरिकेच्या कृषी विभागातील एल. ए. रॉजर्स यांना असे आढळले, की दुधातील एका दुग्धाम्ल जीवाणूने सोडलेले द्रव्य दुसऱ्या दुग्धाम्ल जीवाणूची वाढ थांबविते. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला तो याच वर्षी. एक द्रव्य बुरशीतून मिळाले व दुसरे दुधातून. पुढे न्यूझीलंडमध्ये चीज तयार करताना काही दुधात विरजण नीट काम करीत नाही, अशा तक्रारी आल्या. व्हाइटहेड यांनी १९३३ साली त्याचे कारण शोधले, तेव्हा हेच जंतुरोधक द्रव्य पुन्हा हाती लागले. १९४७ मध्ये इंग्लंडमधील मॅटिक व हर्श यांनी त्याचे नायसिन असे नामकरण केले. १९५१ मध्ये चीज फुगविणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंविरुद्ध त्याचा उपयोग दाखविण्यात आला. १९६९ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नरक्षक म्हणून त्यास मान्यता दिली. आज भारतातही ठराविक खाद्यपदार्थांत, ठराविक मर्यादेत ते वापरता येते.

नायसिनचे कार्य समजून घेण्याजोगे आहे. बहुतेक जीवाणूंभोवती एक भिंत असते व ती सतत बांधली जात असते. भिंतीच्या विटा आतून बाहेर वाहून नेणारा एक रेणू असतो. नायसिन त्या रेणूसच पकडते. त्यामुळे बांधकाम थांबते. शिवाय त्याच जागी पेशीच्या आवरणास छिद्रे पडून आतील द्रव्ये गळून जातात व जंतू मरतो. नायसिन तयार करणारा जीवाणू स्वतः मात्र मरत नाही, कारण स्वसंरक्षणाची वेगळी प्रथिने त्याच्याजवळ असतात. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते व पोटात गेल्यावर नायसिन इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. आम्लयुक्त पदार्थात ते उष्णताही बरीच सहन करते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक घरच्या विरजणात नायसिन असतेच असे नाही. दुग्धाम्ल जीवाणूंच्या काही वाणांनाच ते तयार करता येते. ज्वारीचे सर्व वाण जसे सारखे नसतात, तसेच हे आहे. म्हणून विरजणाचे वाण निवडून, शुद्ध स्थितीत जतन करण्याचे कार्य संशोधन संस्थांत चालते. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत दुग्धव्यवसायोपयोगी जीवाणूंचा संग्रह आहे व पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे.

हे जीवाणू काय करू शकत नाहीत?

हितकारी जीवाणूंचे गुण सांगताना त्यांच्या मर्यादा सांगणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. अर्धवट माहितीने फायद्याऐवजी अपाय होतो.

नायसिन सर्व जंतूंवर चालत नाही. घाणीतून दुधात येणाऱ्या ई. कोलाय व त्याच्यासारख्या इतर जंतूंभोवती आणखी एक बाह्य आवरण असते व नायसिन सामान्यतः त्यातून आत शिरत नाही. आम्लामुळे या जंतूंची वाढ मंदावते, परंतु काही जाती आम्ल सहन करून बराच काळ जिवंत राहतात. यीस्ट व बुरशी यांना आंबटपणा फारसा बाधत नाही. म्हणूनच जुन्या दह्यावर बुरशीचा थर येतो. असे दही वरचा थर काढून खाऊ नये, टाकून द्यावे.

क्षय व सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, या रोगांचे जंतू आजारी जनावराच्या दुधातून माणसांत येऊ शकतात. कच्च्या दुधास विरजण लावल्याने ते नष्ट होतील, असा भरवसा धरू नये. दूध उकळल्यानेच ते मरतात. म्हणून आधी उकळणे व मग विरजणे हा क्रम कधीही चुकवू नये.

दगडी झालेल्या, म्हणजे कासदाह झालेल्या, जनावराच्या दुधाची गोष्ट आणखी वेगळी आहे. कासदाहाचा स्टॅफिलोकॉकस हा जंतू उकळल्याने मरतो, पण त्याने आधीच दुधात सोडलेले विष उकळूनही टिकून राहू शकते. असे दूध दह्यालाही उपयोगाचे नाही व विक्रीलाही नाही.

प्रतिजैविके आणि विरजण

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. गाय किंवा म्हैस आजारी पडली की पेनिसिलीन, टेट्रासायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांची इंजेक्शने दिली जातात. कासदाहात औषधाची नळी थेट सडात सोडली जाते. या औषधाचा अंश पुढे काही दिवस दुधातून बाहेर पडत राहतो. दूध उकळल्याने तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. विरजणातील जीवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, पेनिसिलीनच्या अत्यल्प अंशानेही मरतात. परिणामी दही लागत नाही, अथवा पातळ व तारयुक्त राहते. आंबटपणाचे संरक्षण नसल्यामुळे अशा दुधात औषधाला न जुमानणारे दुसरे जंतू वाढू शकतात. दूध रक्षणारे जीवाणूच आपण मारून टाकतो, असा याचा अर्थ आहे.

तोटा येथेच संपत नाही. औषधाचा थोडाथोडा अंश रोज पोटात जात राहिला, तर काही माणसांच्या अंगावर पित्त उठते. त्याहून मोठे संकट म्हणजे जंतू त्या औषधाला सरावतात. मग ज्या औषधाने मुलाचा न्यूमोनिया बरा व्हावयाचा, ते औषध ऐन वेळी लागू पडत नाही. दुर्गम पाड्यावरून रुग्णालयात पोहोचेपर्यंतच बराच वेळ गेलेला असतो. तेथे पहिले औषध लागू न पडणे परवडणारे नाही. याच कारणास्तव केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा खाद्योपयोगी जनावरांत, कोंबड्यांत व त्यांच्या खाद्यात वापर करण्यासाठी होणाऱ्या निर्मितीवर व विक्रीवर बंदी घातली. माणसांच्या अखेरच्या उपचारासाठी ते राखून ठेवावयाचे आहे.

प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे, हेही सांगावयास हवे. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांवर बर्ड फ्लूची साथ आली. तो विषाणूचा रोग होता; अशा रोगावर प्रतिजैविके देणे म्हणजे पैसा वाया घालविणे व सरावलेले जंतू वाढविणे होय.

म्हणून पुढील नियम पाळावेत. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे व सांगितलेली मात्रा पूर्ण करावी. वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये हे लिहिलेले असते. तेवढे दिवस त्या जनावराचे दूध वेगळे काढून टाकून द्यावे. २०१२ साली केलेल्या नियमानुसार, वेष्टनावर मुदत ठरवून दिलेली नसेल तर दुधासाठी ती निदान सात दिवसांची धरावयाची असते. एका सडात औषध सोडले असले तरी चारही सडांचे दूध वगळावे. उपचार चालू असलेल्या जनावराच्या शिंगास किंवा गळ्यात रंगीत फडके बांधून ठेवले, म्हणजे धार काढणाऱ्या कोणाचीही चूक होत नाही.

चांगले विरजण कसे ठेवावे?

दूध काढण्यापूर्वी कास व हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. पहिल्या एकदोन धारा वेगळ्या काळ्या कपात घेऊन त्यांत गुठळ्या आहेत काय ते पाहावे. दूध उकळून झाकून ठेवावे व बोट सहज सोसेल इतके कोमट होऊ द्यावे. फार गरम दुधात विरजण घातले तर त्यातील जीवाणू मरतात. फार थंड दुधात त्यांची वाढ सावकाश होते व दुसऱ्या जंतूंना संधी मिळते. एक लिटर दुधास दोन चहाचे चमचे ताजे, गोड चवीचे विरजण पुरेसे होते. थंडीत, विशेषतः तोरणमाळसारख्या उंच पठारावर, ते थोडे जास्त घ्यावे व भांडे कापडात गुंडाळून चुलीजवळच्या उबेत ठेवावे. उन्हाळ्यात साधारणपणे सहा ते आठ तासांत दही लागते; थंडीत बारा तास किंवा अधिक लागतात.

विरजणासाठी दही रोज ताज्या दह्याच्या मधल्या भागातून, स्वच्छ कोरड्या चमच्याने, खाण्यापूर्वीच काढून ठेवावे. ते अतिशय आंबट, तारयुक्त, बुडबुडे आलेले किंवा रंग बदललेले असेल, तर घरातले विरजण मोडून चांगल्या घरचे नवे आणावे. बियाणे बिघडले म्हणजे आपण बदलतो, तसेच विरजणही बदलावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही लावू नये. आम्लामुळे धातू दह्यात उतरतो. स्टीलचे भांडे अथवा नीट धुऊन उन्हात वाळविलेले मातीचे भांडे योग्य.

ताक करताना घातलेले पाणी हा नेहमी दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. पाणी घातल्याने दह्यातील आम्ल पातळ होते आणि ओढ्याचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी असेल तर त्यातील जंतूही ताकात येतात. म्हणून ताकासाठी उकळून थंड केलेले किंवा क्लोरिनने शुद्ध केलेले पाणीच वापरावे. कढी केली की त्यातील जीवाणू मरतात; परंतु आम्ल व पोषणमूल्य राहते. जिवंत जीवाणूंचा लाभ हवा असेल तर ताजे दही किंवा ताक घ्यावे.

गावात दाखविण्याजोगा प्रयोग

महिला बचत गटाच्या बैठकीत कार्यकर्त्याने पुढील प्रयोग करून दाखवावा. दोन सारख्या वाट्या घ्याव्यात. एकीत निरोगी जनावराचे उकळलेले दूध व दुसरीत उपचार चालू असलेल्या जनावराचे उकळलेले दूध समप्रमाणात घ्यावे. दोन्ही सारखे कोमट असताना एकाच भांड्यातील विरजण सारखेच घालावे व झाकून शेजारी ठेवावे. दुसऱ्या वाटीत दही उशिरा लागले किंवा लागलेच नाही, तर औषधाचा परिणाम डोळ्यांना दिसतो. प्रयोगानंतर दुसऱ्या वाटीतील दूध टाकून द्यावे. मात्र दही लागले म्हणजे दुधात औषध मुळीच नाही, असा निष्कर्ष काढू नये; सर्व औषधे या रीतीने कळत नाहीत. मुदत पाळणे हाच खरा उपाय. हे सर्व समजावून सांगताना श्रोत्यांच्या भिलोरी, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलीत सांगितल्यास अधिक उपयोग होतो.

आरोग्याविषयी सावधगिरी

रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास आंबवलेल्या दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जोडला. तेव्हापासून या जीवाणूंविषयी पुष्कळ दावे होत आले. २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली. योग्य मात्रेत घेतल्यास शरीरास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा अर्थ आहे. कोणते वाण व किती मात्रा, हे त्यात महत्त्वाचे. ओडिशाच्या १४९ खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर केलेला व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या जीवाणूचे निवडक वाण पोषक शर्करेसह सात दिवस दिल्यावर, जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ते वाण तज्ज्ञांनी तपासून, शुद्ध करून दिलेले होते. यावरून नवजात बालकास घरचे दही चाटवावे असा अर्थ कोणीही काढू नये. पहिले सहा महिने आईचे दूध हेच त्याचे अन्न होय. मोठ्या मुलास जुलाब झाल्यास क्षारसंजीवनीचे पाणी व झिंकच्या गोळ्या द्याव्यात व आरोग्य केंद्रात न्यावे. दही-भात हा पथ्याचा आहार आहे, औषधाची जागा तो घेत नाही.

घरचे विरजण हे पिढ्यान्पिढ्या जतन केलेले बियाणेच आहे. स्वच्छ धार, पूर्ण उकळी, कोमट दुधात ताजे विरजण आणि औषधाची मुदत पाळण्याचा कटाक्ष, या चार गोष्टी सांभाळल्या, तर डोळ्यांना न दिसणारे हे जीवाणू आपले काम बिनबोभाट करतात. शेतकरी बंधुभगिनींनी या गोष्टी आपल्या घरी अमलात आणाव्यात व कार्यकर्त्यांनी त्या पाड्यापाड्यापर्यंत पोहोचवाव्यात.